होडीतला एमआरआय

लेकीच्या डोकेदुखीपायी गेल्या आठवड्यात इथे परदेशात एमआरआय झाला, रिपोर्ट नॉर्मल आहे, फोन करत बसू नका, लिहितेय ते वेगळ्याच गोष्टीसाठी.

सहा वर्षांच्या पोरीला त्या बोगद्यात न हलता कसं झोपवायचं म्हणून आदल्या रात्री माझा डोळ्याला डोळा नाही, त्यात आईचा सांगलीहून एकच धोशा, "भूल देणार नाहीत ना गं पोरीला?" आणि गेलो तर काय, खोलीत नदी! भिंतीवर झाडं, फरशीवर पाणी, मशीनचं टेबल म्हणजे होडी. टेक्निशियन बाई हळूच म्हणाली, होडी हलली तर मासे पळतील, गप्प पडून राहिलीस तर तुझ्यावरून उड्या मारतील. झालं! जेवायला दोन मिनिटं एका जागी न बसणारी ही बया ओंडक्यासारखी पडून, मशीनची एवढी खडखड चालू असताना.

घरी येऊन शोधलं. ही मशीनं बनवणाऱ्या जीई कंपनीचा डग डीट्झ नावाचा डिझायनर आपलंच नवं मशीन बघायला हॉस्पिटलात गेला, तर स्कॅनला आलेली एक मुलगी रडताना दिसली. मग हा स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डी-स्कूलमध्ये, म्हणजे डिझाइन शिकवतात तिथे, शिकून आला, बारक्या पोरांत जाऊन बसला, आणि मशीनच्या आतलं काही न बदलता वरून स्टिकर लावले नि टेक्निशियनच्या हातात एक गोष्ट दिली. पीट्सबर्गच्या चिल्ड्रन्स हॉस्पिटलात तर चाच्यांचं जहाजच केलं. पोरांना भूल द्यावी लागणं बरंच कमी झालं.

नवरा म्हणाला, आपल्याकडे सुचलं असतं का? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, जयपूर फूट, तो कृत्रिम पाय, काय आभाळातून पडला? १९६८ सालचा, डॉ. सेठी आणि रामचंद्र शर्मा नावाचा कारागीर, मांडी घालता येते, उकिडवं बसता येतं, शेतात अनवाणी चालता येतं, इथल्या बुटातल्या पायाला जमायचं का ते?

तो गप्प बसला. पण मला बाबांचा तिकडे भारतातला एमआरआय आठवला, "हलू नका, नाहीतर परत पैसे पडतील" एवढंच सांगून आत ढकललेलं, सत्तरीचा माणूस बाहेर आला तो घामाने भिजून. अर्थात तिथे रांग जिन्यापर्यंत होती, त्या टेक्निशियन पोराने कुणाकुणाला मासे दाखवायचे? (इथलं बिल अजून यायचंय, तेव्हा मलाच भूल लागेल.)

डिसेंबरात येतोय. आमच्या डॉक्टरकाकांना विचारलं, दवाखान्यासाठी माशांचे स्टिकर आणू का? लहानपणी सुई टोचताना "तो बघ कावळा, तुझी जिलबी घेऊन चालला" म्हणायचे तेच हे. म्हणाले, "नको गं, माझा कावळा आहे अजून."