हवा नेमकी कुठून जातेय?

नवं बांधलेलं इंजिन मिसिंग मारायला लागलं की एक ठरलेलं उत्तर मिळतं: "रिंगा अजून बसलेल्या नाहीत. हजारेक किलोमीटर चालवा, होईल ठीक." पिस्टनभोवतीच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीला नीट बसायला वेळ लागतो हे खरंच असतं, म्हणून ते चटकन पटतंही. त्या दिवशी गाडी घेऊन आलेल्या गृहस्थांनाही पटलं होतं. इंजिन त्यांनी दुसरीकडे बांधून घेतलं होतं. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, नवे पिस्टन, नव्या रिंगा, होनिंग केलेला (सिलिंडरच्या भिंतींवर बारीक रेघा पाडलेला) ब्लॉक आणि व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडा, कापून आलेलं हेड. आयडलला ते एका लयीत लंगडत होतं. "चालवत राहू ना तसंच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "आधी मोजू, मग ठरवू."

इंजिन गरम करून घेतलं, चारही प्लग काढले, इग्निशन आणि पेट्रोल तोडलं, बॅटरीला चार्जर लावला. मदतनीस पोरगा अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून बसला. थ्रॉटल (हवेची झडप) बंद ठेवून सेल्फ मारला तर इंजिनाला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही आजारी दिसतं, म्हणून पाय हलवायचा नाही हे त्याला बजावलं होतं. प्लगच्या भोकात गेज लावून प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजलं. पहिला सिलिंडर 168 पीएसआय, दुसरा 165, चौथा 170. तिसरा 112.

आकड्यापेक्षा काटा कसा चढतो ते मी जास्त बघतो. पहिल्या सिलिंडरवर काटा प्रत्येक धक्क्याला ठोस वर जात होता. तिसऱ्यावर पहिल्या धक्क्याला पंच्याहत्तरच्या आसपास आला, थोडा सरकला आणि एकशे दहाच्या पुढे अडखळला. रिंगांतून गळती असेल तर सहसा सुरुवात कमी होते, पण प्रत्येक धक्क्याला दाब साठत जातो. इथे तो साठतच नव्हता.

मग ऑइलची चाचणी. प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा ऑइल सोडायचं आणि पुन्हा सेल्फ मारायचा. ऑइल रिंगांभोवतीची फट तात्पुरती भरतं, व्हॉल्व्हला त्याचा उपयोग नसतो. तुलनेसाठी पहिल्या सिलिंडरमध्येही टाकलं. तिथे आकडा 185 वर गेला, म्हणजे रिंगा अजून पूर्ण बसलेल्या नव्हत्या, हे बरोबरच होतं. तिसरा मात्र 118 वर थांबला.

मालक म्हणाले, "म्हणजे हेड काढावं लागणार?" पोरगा पान्यांचा ट्रे पुढे सरकवतच होता. त्याला थांबवलं. हेड एकदा काढलं की गॅस्केट गेलंच, शिवाय दोष जिथे होता तिथेच पकडायची संधीही जाते. त्यापेक्षा बाहेरून हवा भरायची आणि ती कुठून बाहेर पडते ते ऐकायचं. मला विचाराल तर नव्या इंजिनासाठी लीक-डाउन टेस्टइतकं बोलकं दुसरं काही नाही.

तिसऱ्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे व्हॉल्व्ह बंद असताना अगदी वरच्या टोकाला, आणला. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2, त्यामुळे पहिल्याच्या टीडीसीनंतर क्रँक अर्धा फेरा फिरवला की तिसरा येतो. क्रँकच्या बोल्टवर लांब पाना अडकवून तो पक्का धरायला लावला, कारण पिस्टन जरा जरी पुढेमागे असला तर हवेच्या दाबाने क्रँक जोरात फिरते आणि पाना हातावर येतो. टेस्टरला 100 पीएसआय दिलं. सिलिंडरमध्ये टिकलेला दाब दाखवणारा दुसरा काटा 58 वर येऊन थांबला, म्हणजे 42 टक्के गळती.

ऑइल भरायच्या तोंडाशी कान नेला. रिंगांतून सुटलेली हवा तिथे येते. हलकी फुसफुस होती, तेवढी चांगल्या इंजिनातही असते. रिंगेच्या दोन टोकांमध्ये फट ठेवावीच लागते, नाहीतर गरम झाल्यावर टोकं एकमेकांना भिडतील. रेडिएटरमध्ये एकही बुडबुडा नाही, म्हणजे गॅस्केट शाबूत. थ्रॉटलपाशी शांतता, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हही ठीक. मग पोरगा सायलेन्सरच्या टोकाशी वाकला आणि तिथूनच ओरडला, "इकडून येतेय!" सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह दाबून धरावा तसा सलग आवाज होता. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह.

आता तो व्हॉल्व्ह वाकलाय, सीट नीट कापली नाहीये, की कुणीतरी त्याला उघडा धरून ठेवलंय? व्हॉल्व्ह कव्हर काढलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्टच्या टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्हची दांडी आणि तिला दाबणारा भाग यांच्यातल्या फटीत, अंतर मोजायची 0.05 मिलिमीटरची सर्वांत पातळ पातीसुद्धा शिरेना. हवा चालूच ठेवून टॅपेटचा लॉकनट सैल केला आणि स्क्रू जेमतेम पाव फेरा मागे घेतला. सायलेन्सरमधला आवाज तिथल्या तिथे बंद झाला. काटा 58 वरून उठून 87 वर गेला. पोरगा धावत येऊन गेज बघत राहिला. इतकी वर्षं हे काम करूनही तो काटा उठताना मला फार आनंद होतो.

कारण सरळ होतं. सीट कापली की व्हॉल्व्ह हेडमध्ये आणखी खोल बसतो आणि त्याची दांडी तेवढीच वर येते. त्यामुळे टॅपेटमधलं अंतर कमी होतं, आणि ते अजिबात उरलं नाही तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तिसरी सीट बहुधा जास्त खराब होती, म्हणून जास्त कापली गेली, आणि त्या एका टॅपेटचं अंतर पुन्हा बघायचं राहून गेलं. बाकी बोअर, होनिंग, रिंगा सगळं काम चोख होतं. ज्यांनी इंजिन बांधलं त्यांच्यावर मालक चिडले होते, तेव्हा हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं.

पण गाडी तशीच हजार किलोमीटर चालली असती तर तो व्हॉल्व्ह जळाला असता, याबद्दल मला शंका नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची बहुतेक उष्णता तो सीटवर टेकलेला असतानाच हेडमध्ये जाते. टेकलाच नाही तर तापत राहतो, त्यात पेटता वायू त्या बारीक फटीतून सुटत राहतो आणि कड खात जातो. हे थांबून बरं होणारं दुखणं नव्हतं.

सगळे टॅपेट कंपनीने दिलेल्या अंतराला सेट केले. तिसऱ्याचं कॉम्प्रेशन 166 वर आलं. चारही सिलिंडरची गळती 12 ते 14 टक्क्यांत होती, आणि ही मात्र खरोखर रिंगांची होती. मालकांना सांगितलं, आता चालवा, पण उगाच आयडलवर उभी ठेवू नका. रिंगेच्या मागे वायूचा दाब गेला तरच ती होनिंगच्या रेघांवर घासून बसते. मध्यम लोड द्या, वेग बदलता ठेवा, ऑइल लवकर बदला.

हजार किलोमीटर झाल्यावर ते परत आले तेव्हा चारही सिलिंडरची गळती 6 टक्क्यांच्या आसपास उतरली होती. तिसऱ्याच्या एक्झॉस्टचं अंतर मात्र किंचित कमी झालेलं निघालं. नवी सीट बसताना असं होतंच. ते पुन्हा सेट केलं, कव्हरला नवं गॅस्केट टाकलं आणि गाडी दिली.