आमची वाटचाल : गणपतीपुळ्याच्या बसपासून शिडाच्या बोटीपर्यंत

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या सहलींच्या ऑफिसात एक जुनं माहितीपत्रक चौकट करून लावलंय, हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांच्या पहिल्या सफरीचं. त्यात छापलंय : ‘तिसरा दिवस – आन्स लाझियो, रात्रीचा मुक्काम.’ नवीन माणूस विचारतो, हे काय, बक्षीसबिक्षीस मिळालं होतं काय? बक्षीस नाही, तो आमचा पहिला राडा.

धंदा सुरू केला गणपतीपुळे-तारकर्लीच्या सहलींनी. भाड्याची बस, धाकटा भाऊ ड्रायव्हरशेजारी, हिशेबाची वही माझ्याकडे. पुढं केरळ केलं, अंदमान केलं. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. सेशेल्सचं खूळ डोक्यात घातलं ते गुळाच्या व्यापारातल्या एका काकांनी. “हॉटेलात बसून बेट बघायचं म्हणजे खिडकीतनं रंकाळा बघितल्यासारखं. होडीनं न्या की राव!”

सेशेल्समध्ये शंभरावर बेटं. आम्ही फिरवतो ती माहे, प्रालिन, ला डिग आणि आसपासची. ग्रॅनाइटची आणि जवळजवळ, म्हणून शिडाच्या बोटीला सोयीची. माहे ते प्रालिन साधारण 45 किलोमीटर. फेरीबोट तासाभरात सोडते, आम्हाला शिडावर चार-पाच तास लागतात, आणि लोक त्याचेच पैसे देतात. चक्रीवादळांचा पट्टा या बेटांच्या दक्षिणेला राहतो, हे कळल्यावर आईनं होकार दिला. बोट कप्तानासकट भाड्यानं घेतो. चार केबिनची कॅटमरान, आठ पाहुणे. दोन होड्या शेजारी-शेजारी जोडल्यासारखी असते, त्यामुळं फारशी कलत नाही. शब्द मूळचा तमिळ, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडं. हे सांगितलं की लोकांची भीती निम्मी होते. का, ते मला अजून उमगलेलं नाही.

पहिली सफर जानेवारीत. आन्स लाझियो ही खाडी प्रालिनच्या वायव्य टोकाला, आणि डिसेंबर ते मार्च तिथं वाराही वायव्येचाच. आम्ही फोटो बघितले होते ते मे ते ऑक्टोबरमधले. त्या दिवसांत आग्नेयेकडून व्यापारी वारे येतात, बेटाचा आडोसा मिळतो आणि तीच खाडी रांजणातल्या पाण्यासारखी निवांत असते. कप्तानानं टोक ओलांडलं, आत येणाऱ्या लाटा बघितल्या आणि काही न बोलता बोट फिरवली. रात्र काढली बेटाच्या दुसऱ्या अंगाला, बे सेंट ॲनमध्ये, फेरीच्या धक्क्याजवळ. एक गृहस्थ पत्रक पुढं धरून म्हणाले, “छापलंय ते दाखवा.” काय दाखवणार? परत आल्यावर त्यांना एका दिवसाचे पैसे दिले. महाद्वार रोडला भेटतात, मान हलवतात, पण पुन्हा काही आले नाहीत. चूक आमचीच होती.

तेव्हापासून मुक्काम छापणं बंद. तारखा आम्ही ठरवतो, बेट वारा ठरवतो. हे तोंडावर सांगतो म्हणून चौकशीला आलेले बरेच जण पायरीवरूनच परत जातात. जाऊ देत.

पाण्याचं मात्र अजून पुरतं जमलेलं नाही. आपण पंचगंगेकाठची माणसं, नळ सोडून ब्रश करणारी. दुसऱ्या सफरीत एका बाईंनी पहिल्याच संध्याकाळी सगळ्या घराचे कपडे धुऊन दोरीला लावले. कप्तान आला, टाकीच्या काट्यावर बोटानं टकटक केलं आणि निघून गेला. काटा अर्ध्याच्या खाली. आता निघण्याआधीच्या बैठकीत भाऊ प्रत्येकाच्या हातात पितळी तांब्या देतो : दात घासणं, तोंड धुणं, सगळं एवढ्यात बसवून दाखवा. पोरं जिंकतात, मोठ्यांचं पाणी संपतं.

बैठकीनंतर मालवणला एक दिवस बोटीवर नेतो, कुणाला समुद्र लागतो ते बघायला. खरी परीक्षा आधी फोंडा घाटातच होते. पोटात ढवळणारं दुखणं तेच, कानाच्या आतल्या तोलाचं. घाटात ज्याची पिशवी भरली त्याला आम्ही डॉक्टरांकडून गोळी लिहून घ्यायला सांगतो.

जेवणाचं म्हणाल तर कांदा-लसूण चटणीची बरणी इथूनच जाते. तिकडं ‘बूर्झ्वा’ नावाचा तांबडा मासा मिळतो. त्याला ती चटणी अशी लागते की कप्तान आता बरणी मागून घेतो. नांगर मात्र तो वाळूवरच टाकणार, प्रवाळावर नाही. जेवायला कितीही उशीर होवो.

गुळाचे काका तिसऱ्या सफरीला आले. प्रालिनच्या वाले द मे जंगलात ‘कोको द मेर’ची झाडं आहेत. त्यांची बी वनस्पतींच्या जगात सगळ्यात मोठी. आपल्याकडं काष्ठौषधींच्या दुकानात दर्याई नारळ म्हणतात तो हाच. काकांनी एक उचलला, ढेप तोलतात तसा दोन्ही हातांवर झुलवला. “अठरा किलो. इकडं-तिकडं अर्धा.” आजीच्या सहाणेवर याचाच तुकडा असायचा, म्हणाले. मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, “दर काय?” परवान्याशिवाय नेता येत नाही म्हटल्यावर त्यांनी तो जागेवर ठेवला, आणि बोटीवर येईपर्यंत गप्प होते.