तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी आर १५, जड क्लच आणि बधिर होणारा हात

कोल्हापुरात रंकाळ्यावर गाडी लावली की कोण ना कोण येतं, क्लच दाबून बघतं आणि विचारतं, "दादा, एवढ्या जुन्या गाडीचा क्लच एवढा मऊ कसा काय? आणि ह्या वाकून बसायच्या गाडीवरनं गगनबावड्याला जाता, हात दुखत नाहीत?" दोन्ही प्रश्न कायम जोडीनं येतात आणि ते बरोबरच आहे, कारण दुखतो हातच, फक्त कारणं दोन असतात, जड क्लच आणि चुकीचं बसणं, आणि आपण सगळं क्लचच्या नावावर लिहून मोकळे होतो. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

माझी गाडी २००९ ची यामाहा आर १५, पहिलं व्हर्जन, सलग एका सीटचं. १५ वर्षं पूर्ण झाल्यावर आरटीओत जाऊन पुढच्या ५ वर्षांचं रजिस्ट्रेशन करून घेतलं, विकायचा विचार नाही. पण एक काळ असा होता की गगनबावड्याचे ५५ किलोमीटर करून उतरलो की डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर, पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवता यायचं नाही. क्लच तर असा जड की महाद्वार रोडच्या गर्दीतनं बाहेर पडेपर्यंत हात भरून यायचा. एका गॅरेजमध्ये दाखवली, त्यांनी क्लचच्या प्लेटा गेल्यात म्हणून सांगितलं, सगळा सेट बदलला, चांगले पैसे गेले आणि क्लच होता तसाच जड. लई वाईट वाटलं तेव्हा.

मग उद्यमनगरातल्या एका जुन्या मेस्त्री मामांनी लिव्हर एकदाच दाबला आणि म्हणाले, "पोरा, स्प्रिंग म्हातारी झाली की ढिली पडती, जड कशी हुईल?" हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. लिव्हर दाबताना आपण क्लचच्या स्प्रिंगा दाबत असतो, त्या वयानं कडक होत नाहीत. प्लेटा झिजल्या की क्लच स्लिप होतो, म्हणजे रेस वाढते आणि गाडी पळत नाही, पण हाताला जड लागत नाही. म्हणजे पूर्वी हलका असलेला क्लच आता जड लागत असेल तर लिव्हरपासून इंजिनपर्यंतच्या वाटेत कुठंतरी घासतंय, आणि ती वाट इंजिन न उघडता बघता येते.

आम्ही केबल दोन्ही टोकांनी सोडवली आणि आतली तार नुसती हातानं ओढून बघितली, तर ती अडकत अडकत यायची. फेअरिंग, म्हणजे गाडीचं पुढचं प्लास्टिकचं कव्हर, काढल्यावर हेडलाइटच्या मागं कारण सापडलं, कधीतरी वायरिंगचं काम करताना कुणीतरी क्लच केबल टायनं आवळून टाकली होती आणि तिथं तिला कोपरासारखा वाक पडला होता. लिव्हरकडच्या निपलपाशी, म्हणजे तारेच्या टोकाच्या धातूच्या गोळीपाशी, तारेचे दोन पदर तुटून उभे राहिले होते, बोटाला टोचले म्हणून कळलं. अजून थोडे दिवस गेले असते तर घाटातच केबल तुटली असती.

नवीन केबल घातली, वाक मोठा आणि सैल ठेवला. बसवायच्या आधी तिला तेल पाजलं, ते असं: केबल दाराच्या खिळ्याला उभी टांगायची, वरच्या तोंडाला प्लास्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळ्यासारखा बांधायचा, त्यात सिरिंजनं इंजिन ऑइल सोडायचं, तार वर-खाली करत राहायचं आणि खाली वाटी ठेवायची. रात्रभरात ते झिरपत खाली उतरतं. जुन्या केबलचंही करून बघितलं तर वाटीत काळंकुट्ट पाणी आणि गंज. आत नायलॉन किंवा टेफ्लॉनचं अस्तर असलेली केबल मात्र तेल न घालता तशीच ठेवा.

लिव्हरच्या बोल्टचं भोकही झिजून लांबट झालं होतं, तिथं लेथवर पितळेचा बुश करून घेतला आणि थोडं ग्रीस. लिव्हरच्या टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर प्ले, म्हणजे क्लच ओढला जायच्या आधीची मोकळी हालचाल, ठेवा. अजिबात प्ले नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात, फार असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि कावळा नाक्याच्या सिग्नलला न्यूट्रल शोधत बसावं लागतं. आणि ऑइल बाइकचंच, डब्यावर जासो एमए किंवा एमए २ (JASO MA, MA2, बाइकच्या ऑइलचा जपानी दर्जा) लिहिलेलं. ह्या गाड्यांचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यानं प्लेटा सरकायला लागतात.

क्लच मऊ झाला, पण बोटं बधिर व्हायचीच. ते बसण्याचं दुखणं होतं. रिकाम्या सरळ रस्त्यावर सावकाश चालवताना ग्रिप न सोडता कोपरं कोंबडीच्या पंखासारखी हलवून बघा, हलत नसतील तर तुमचं सगळं वजन मनगटावर आहे. ते गुडघ्यांनी टाकी धरून आणि पोटा-पाठीच्या जोरावर पेलायला पाहिजे. माझ्या सीटचा फोम पुढच्या बाजूला बसला होता, दर ब्रेकला मी टाकीवर घसरायचो. सीटवाल्याकडून घट्ट फोम भरून पुढची बाजू थोडी उचलून घेतली, वर खरखरीत रेक्झिन, आणि टाकीच्या दोन्ही बाजूंना रबरी पॅड लावले. फोर्कचं, म्हणजे पुढच्या शॉकअपचं, ऑइल आणि सील बदलले. लिव्हर थोडा खाली फिरवला, म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत एक सरळ रेष येते, मनगट वर मोडत नाही. ह्याला फक्त एक पाना लागतो आणि मला सगळ्यात जास्त फरक ह्यानंच पडला.

हँडल उंच करायचे रायझर मिळतात, त्याबद्दलही खूप जण विचारतात. मी लावले नाहीत. लावलेत तर हँडल दोन्ही बाजूला पूर्ण वळवून बघा, इंजिन चालू ठेवून. शिवाजी पुलापलीकडं वडणगे फाट्यावर एक पोरगा भेटला होता, रायझर लावलेले पण केबली जुन्याच लांबीच्या, यू-टर्न घेताना रेस आपोआप वाढायची आणि क्लच अर्धा ओढला जायचा. त्याला तिथंच गाडी उभी करून दाखवलं, हँडल डावीकडं, मग उजवीकडं, आवाज बदलताना त्यानं स्वतः ऐकला. तो पन्हाळ्याला न जाता तिथनंच माघारी फिरला आणि दुसऱ्या दिवशी लांब केबली टाकून घेतल्या.