पंधरा मिनिटांची वाट: सूक्ष्म चॅनेलमधील प्रवाहाचा माझा अनुभव

दोन द्रव शेजारी-शेजारी वाहत हळूहळू एकमेकांत मिसळावेत, यासाठी मी पीडीएमएस या पारदर्शक सिलिकॉन रबराची एक छोटी चिप तयार केली. आराखडा, साचा, काचेवर चिकटवणे ही कामे सुरळीत पार पडली. मी अडलो तो प्रवाह स्थिर होण्याच्या प्रतीक्षेत, आणि तो महिना आठवला की आजही चीड येते.

चॅनेल 100 मायक्रॉन रुंद, 20 मायक्रॉन खोल आणि 5 सेंटिमीटर लांब होता. मी वापरत होतो त्या वेगाला तिथे रेनॉल्ड्स अंक (प्रवाहाचे जडत्व आणि द्रवाचा चिकटपणा यांचे गुणोत्तर) 1 च्या खाली राहतो आणि भोवरे उठत नाहीत. त्यामुळे लाल आणि निळ्या पाण्यामधली सीमारेषा सूक्ष्मदर्शकाखाली पट्टीने आखल्यासारखी दिसते. दोन्ही पंपांचा वेग सारखाच असल्याने ती मधोमध असायला हवी होती. प्रत्यक्षात वेग वाढवला की ती निळ्या बाजूला सरके आणि मुंगीच्या पावलांनी मध्यावर परते. त्याला पंधरा मिनिटे लागत, आणि तोवर घेतलेली सगळी मोजमापे वाया जात.

दोष साच्यातच आहे असे धरून मी दोनदा नवा साचा केला. खरे कारण निळ्या सिरिंजमध्ये होते: पंपाच्या पकडपट्टीखाली झाकला गेलेला, वाटाण्याएवढा हवेचा बुडबुडा. पंपाने दट्ट्या ढकलला की आधी ही हवा दबते आणि पाणी मागाहून सावकाश पुढे सरकते. रुंद नळीत हा विलंब जाणवलाही नसता. पण उथळ चॅनेलचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, खोलीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो आणि विलंब रोध व हवेचे आकारमान यांच्या गुणाकारावर ठरतो. खोली 40 मायक्रॉन ठेवली असती, तर तेवढ्याच बुडबुड्याला सुमारे दोन मिनिटेच लागली असती.

सिरिंज भरताना ती उभी धरून शेवटचा बुडबुडा बाहेर पडेपर्यंत हवा काढावी. मऊ प्लास्टिकच्या नळ्याही फुगून असाच विलंब करतात, म्हणून त्या आखूड आणि कडक घ्याव्यात. आधी सांगायचे राहिले ते असे, की पाणी निर्वातात ठेवून त्यातली विरघळलेली हवा काढून घ्यावी, नाहीतर ते तापताच चिपमध्ये नवे बुडबुडे धरतात. चिपच्या कोपऱ्यात हवा अडकलीच, तर बाहेरचे तोंड बंद करून पाण्याचा दाब द्यावा. पीडीएमएसमधून वायू झिरपतो, त्यामुळे बुडबुडा आक्रसत जाऊन नाहीसा होतो. मी तो डोळ्यांनी पाहिला आणि त्या दिवशी प्रथमच सीमारेषा वेग बदलूनही मधोमध राहिली.