मंजूर झालेली रजा कोणी न विचारता सरकवली तर

मंगळवारी दुपारी पोर्टल उघडलं ते टाइमशीट भरायला, सहज लीव्हच्या टॅबवर गेले तर माझी रजा तिथे नव्हतीच. म्हणजे होती, पण भलत्याच तारखांना. चार महिन्यांपूर्वी अप्रूव्ह झालेली ९ दिवसांची रजा कोणीतरी उचलून तीन आठवडे पुढे ठेवली होती आणि खाली बारीक अक्षरात फक्त ‘मॅनेजरने बदल केला’. मेल नाही, फोन नाही, जागेवर येऊन दोन शब्द सांगणं नाही. रजा सुरू व्हायला ६ दिवस राहिले होते.

आधी वाटलं सिस्टिमचा घोळ असेल. सरांना मेसेज टाकला तर लगेच उत्तर आलं, “हो मीच बदललं, रिलीज पुढे गेलाय, त्या आठवड्यात तू लागशील. बॅलन्स तेवढाच आहे, काळजी करू नकोस.”

हे ‘बॅलन्स तेवढाच आहे’ माझ्या डोक्यातून जात नाहीये, आणि आज लिहायला बसले ती त्याच्यामुळेच. कारण पोर्टलवर बघितलं तर ते खरंच आहे, आधीही ९ दिवस होते, नंतरही ९ च. पण मी ९ दिवस मागितले नव्हते हो, मी ते ९ दिवस मागितले होते. माझी बहीण नर्स आहे, तिचं रोस्टर लागतं, एवढी सलग सुट्टी मिळवायला तिने दोन मैत्रिणींच्या नाइट स्वतःवर घेतल्या होत्या, म्हणजे आधीच करून झाल्या होत्या. बाबांचं विसरणं गेल्या वर्षभरात फार वाढलंय. आम्ही दोघी एकाच वेळी त्यांच्यासमोर बसलो की त्यांना बरंच काही आठवतं, एकटी गेले की कधी कधी मला तिच्या नावाने हाक मारतात. तीन आठवड्यांनी बहीण पुन्हा नाइटला असणार होती. मग ते ९ दिवस तेवढेच कसे?

दुसऱ्या दिवशी मीटिंग मागून घेतली. सर ओरडले वगैरे नाहीत, शांतपणे म्हणाले की रजा तुझा हक्क आहे पण तारीख ठरवायचा अधिकार कंपनीचा आहे. मला तेव्हा उत्तर सुचलं नाही आणि घरी येऊन रात्री शोधत बसले. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे हे मी मान्य करते. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा पगारी रजेबद्दलचा १९७० चा करार आहे, क्रमांक १३२, त्यात वर्षाला किमान तीन आठवडे रजा सांगितली आहे आणि तारखांबद्दल म्हटलंय की दुसरं काही ठरलेलं नसेल तर रजेची वेळ मालक ठरवेल. पण ते वाक्य तिथे संपत नाही, कामगाराशी किंवा त्याच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करून ठरवेल असं आहे, आणि ठरवताना कामाची गरज बघायची तशी त्या माणसाला विश्रांतीची संधी कधी मिळतेय तेही बघायचं. माझ्याशी सल्लामसलत पोर्टलने केली असं म्हणायचं का?

ब्रिटनचा १९९८ चा कामाच्या वेळेचा नियम पण वाचला. तिथे करारात वेगळं ठरलं नसेल तर मालकाला रजा नाकारता येते, पण जेवढ्या दिवसांची रजा तेवढे दिवस तरी आधी सांगावं लागतं. ९ दिवसांच्या रजेला किमान ९ दिवस आधी. मी तिथे काम करत नाही, तो नियम मला लागू नाही, पण त्यामागचा विचार मला पटला, जेवढी मोठी रजा तेवढी माणसाने जास्त जुळवाजुळव केलेली असते, म्हणून सांगायचंही तेवढं लवकर.

आणि माझा खरा राग इथेच आहे. रिलीज पुढे जाणार हे सरांना तीन आठवड्यांपासून माहीत होतं, टेस्टिंगचा सेटअप वेळेवर मिळणार नाही असा मेल मीच त्यांना फॉरवर्ड केला होता. त्याच दिवशी म्हणाले असते की बाई, तुझ्या तारखा अडचणीत येतायत, काय करू या, तर बहिणीला कदाचित अदलाबदल करता आली असती, तिकिटं बदलता आली असती. कामाची अडचण मला कळते. अडचण तीन आठवडे जवळ ठेवून शेवटच्या ६ दिवसांत माझ्या अंगावर टाकायची हे मला कळत नाही.

गेल्या वर्षीचंही सांगते. तेव्हा ५ दिवसांची रजा तोंडी सांगून पुढे नेली, मी बरं म्हणाले. पुढची तारीख आली तेव्हा दुसरं काहीतरी निघालं, मग वर्षाचा शेवट आला, आणि शेवटच्या दोन महिन्यांत ज्यांची ज्यांची रजा सरकलेली असते ते सगळे एकदमच मागतात त्यामुळे कोणालाच धड मिळत नाही. माझे ४ दिवस लॅप्स झाले. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही, पण पुढे ढकललेली रजा अशीच संपते, दर वेळी थोडी थोडी, आणि विचारायला जावं तर दाखवायला कागदाचा कपटासुद्धा नसतो कारण सगळं बोलण्यात झालेलं असतं.

म्हणून या वेळी लिहून दिलं. एचआरकडे आधी गेले तर तिथल्या मॅडम म्हणाल्या पॉलिसीप्रमाणे मॅनेजरचा निर्णय अंतिम. मी पॉलिसी उघडून वाचली, रजेवर जेमतेम तीन ओळी, त्यात मॅनेजर अर्ज मंजूर किंवा नामंजूर करू शकतो असं आहे, मंजूर केलेली रजा नंतर परस्पर बदलू शकतो असं कुठेही नाही. हे मी मेलमध्ये टाकलं. राग बाजूला ठेवून लिहायला दोन तास लागले, चार वेळा खोडलं. अर्ज कधी केला, अप्रूव्ह कधी झाला, बदल कधी दिसला, स्क्रीनशॉट जोडले, हँडओव्हर १० दिवसांपूर्वीच दिलाय आणि माझ्या जागी जो सहकारी आहे तो तयार आहे हे लिहिलं (त्याला आधी विचारून, त्याचं नाव परस्पर पुढे करायचं नव्हतं). आणि शेवटी माझ्याकडून एक मार्ग दिला, पहिले ५ दिवस ठरल्याप्रमाणे, उरलेले ४ नंतर, ते लॅप्स होणार नाहीत हे लेखी द्या, तिकीट बदलायचा खर्च कंपनीने द्यावा.

दोन दिवस काहीच उत्तर नाही. ते दोन दिवस मला झोप नव्हती हे खरं, बहिणीला फोनवर काय सांगायचं तेच कळत नव्हतं. शुक्रवारी संध्याकाळी मेल आला, ५ दिवस मान्य, ४ दिवस पुढच्या वर्षी कॅरी फॉरवर्ड. तिकिटाचे पैसे दोन महिने मागे लागल्यावर मिळाले.

गेले. पाच दिवस आम्ही दोघी बाबांजवळ होतो. चौथ्या दिवशी त्यांनी आमच्या दोघींची नावं बरोबर घेतली, एकापाठोपाठ एक, आणि बहीण उठून आत गेली.

परत आल्यावर सर आठवडाभर कामापुरतंच बोलले. माझ्या त्या सहकाऱ्याने रिलीज व्यवस्थित काढला होता. मागच्या महिन्यात टीममधल्या एकाची रजा अशीच अडचणीत येत होती तर सर स्वतः त्याच्या जागेवर गेले, तीन तारखा सांगितल्या, यातली कुठली चालेल विचारलं. मी बाजूलाच बसले होते. मला बरं वाटलं.

माझे ४ दिवस अजून बाकी आहेत. बहिणीचं पुढचं रोस्टर आलं त्याच दिवशी अर्ज टाकला, आणि कारणाच्या रकान्यात नेहमी ‘वैयक्तिक’ लिहिते तिथे या वेळी लिहिलं, ‘तारीख बदलायची झाल्यास कृपया आधी माझ्याशी बोलावे’. काल अप्रूव्ह झाला.