तुमच्या घरात अजून प्लास्टिकचे डबे कसे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. हा प्रश्न मला घरी आलेले बरेचजण विचारतात. काहीजण कुतूहलाने, काहीजण चोर पकडल्याच्या आनंदात. प्लास्टिक कमी करा म्हणून सांगत फिरणाऱ्या बाईच्या स्वयंपाकघरात जुने, पिवळट पडलेले डबे ओळीने मांडलेले! मग कुणीतरी सुचवतंच, ‘हे सगळे काढून काचेच्या बरण्या घ्या ना, छान दिसतील.’

छान दिसतील यात वाद नाही. पण हे डबे बनून गेलेत, त्यांच्यासाठी लागलेलं तेल आणि वीज केव्हाच खर्च झाली. आज ते टाकले तर कचऱ्यात तेवढी भर, आणि नव्या बरण्यांसाठी भट्टी पेटेल ती वेगळीच. काच वितळवायला साधारण 1500 अंश सेल्सिअस तापमान लागतं. म्हणून डबा तुटेपर्यंत वापरायचा, असं आमच्याकडे ठरलेलं आहे. एक पथ्य मात्र पाळते. गरम किंवा तेलकट काही त्यांत ठेवत नाही, आणि मायक्रोवेव्हमध्ये तर नाहीच, कारण उष्णतेने प्लास्टिकमधली रसायनं अन्नात जास्त उतरतात. चरे पडलेला डबा स्वयंपाकघरातून निवृत्त होतो. मग त्यात खिळे, बटणं, दोऱ्याची रिळं.

वर्षानुवर्षं फळीवर बसून असलेल्या प्लास्टिकशी माझं भांडण नाही. सकाळी घरात शिरून संध्याकाळी कचऱ्यात पडणाऱ्या प्लास्टिकशी आहे. 2017 साली रोलंड गायर, जेना जॅम्बेक आणि कारा लॅव्हेंडर लॉ या तिघा संशोधकांनी आजवरच्या प्लास्टिकचा एकूण हिशेब मांडला. 2015 पर्यंत जगात सुमारे 830 कोटी टन प्लास्टिक तयार झालं होतं. त्यातल्या ज्याचा कचरा झाला, त्यापैकी जेमतेम 9 टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया झाली, 12 टक्के जाळलं गेलं, बाकीचं कचरा डेपोत किंवा उघड्यावर. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते: वेष्टनाचं बहुतेक प्लास्टिक ज्या वर्षी बनतं त्याच वर्षी कचरा होतं. बांधकामातला पाइप कैक वर्षं टिकतो, पाकीट फाडलं की संपलं. तेव्हा घरात प्लास्टिक किती आहे हे मोजण्यापेक्षा घरातून किती वाहून जातंय ते बघावं.

ते बघायची रीत अगदी गावठी आहे. आठवडाभराचा सुका कचरा वर्तमानपत्रावर ओतायचा आणि त्याची वर्गवारी करायची. घरचे नाकं मुरडतात, मुरडू द्यावीत. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा ढिगात कॅरीबॅगा थोड्याच निघाल्या. साबणाचे आणि डिटर्जंटचे पाऊच, छोटी छोटी पाकिटं आणि कुरिअरची वेष्टनं यांनीच निम्मा कागद व्यापला होता. तुमचा ढीग वेगळा असेल. म्हणून ‘प्लास्टिक टाळण्याचे पन्नास उपाय’ अशा याद्यांचा मला कंटाळा येतो. ज्यांच्या घरी स्ट्रॉ कधी येतच नाही त्यांनी स्टीलची स्ट्रॉ विकत घेऊन काय साधलं?

आमच्या ढिगावरून आम्ही तीन बदल केले. हात धुवायला आणि अंघोळीला वडीचा साबण. रोज लागणारी वस्तू छोट्या पाकिटांऐवजी एकाच मोठ्या पाकिटात, कारण तेवढ्याच मालाला प्लास्टिक कमी लागतं. आणि ऑनलाइन मागवायचं ते आठवलं की लगेच नाही, यादी साठवून एकदम. या तिसऱ्यात सगळ्यात गंमत झाली. यादी चार दिवस पडून राहिली की तिच्यातल्या कितीतरी वस्तू आपोआप नकोशा होतात.

छोट्या पाऊचवर माझा राग जास्त आहे, त्याला कारण आहे. त्यात बऱ्याचदा वेगवेगळ्या प्लास्टिकचे आणि कधी ॲल्युमिनियमचेही थर एकमेकांना चिकटवलेले असतात. ते सुटे करणं परवडत नाही, म्हणून भंगारात त्याला कुणी विचारत नाही. पाण्याची बाटली (तळाशी बाणांच्या त्रिकोणात 1 हा आकडा) किंवा शाम्पूची जाड अपारदर्शक बाटली (बहुधा 2) यांना गिऱ्हाईक असतं. त्रिकोणातले ते बाण बघून पुष्कळजण समजतात की वस्तूवर पुनर्प्रक्रिया होणारच. तसं काही नाही. 1988 पासून वापरात असलेला तो आकडा फक्त प्लास्टिकचा प्रकार सांगतो.

आता कापडी पिशवी. इथे मी थोडी कडू बोलणार आहे. 2011 साली ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने हिशेब केला, तेव्हा हवामानावरच्या परिणामापुरतं पाहिलं तर सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते, तेव्हा कुठे ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते. गटारं तुंबणं, जनावरांच्या पोटात जाणं हे त्या हिशेबात नाही, त्यामुळे प्लास्टिकची पिशवी बरी असा अर्थ कुणी काढू नये. पण प्रत्येक कार्यक्रमात फुकट मिळणाऱ्या, कपाटात चळत लागलेल्या कोऱ्या कापडी पिशव्यांनी पर्यावरणाचं काडीचंही भलं होत नाही. जुन्या चादरीची शिवून घ्या, दोन पुरतात. एक दाराच्या कडीला, एक रोजच्या बॅगेत घडी करून. कपाटातली पिशवी दुकानात आठवते, त्यामुळे तिचा उपयोग शून्य.

सवय बदलायला कधी कधी बाहेरून कोपरखळी लागते. आयर्लंडने मार्च 2002 मध्ये प्लास्टिकच्या पिशवीवर 15 सेंट कर लावला. तोवर माणशी वर्षाला 328 पिशव्या वापरल्या जात असल्याचा अंदाज होता. तो आकडा 21 वर आला. पंधरा सेंटनी कुणी कंगाल होत नाही. काउंटरवर ‘पिशवी हवी का?’ हे विचारलं जाऊ लागलं, आणि ‘हो’ म्हणण्याआधी क्षणभर थांबावं लागलं, माझ्या मते खरी करामत त्या थांबण्याची.

एकेका घराने करण्यासारखं एवढंच. एकत्र जमतो तिथे खरा ढीग साचतो. वाढदिवस, बैठका, एखादं शिबिर, एका संध्याकाळीत महिन्याभराचा कचरा. कागदी कप आणा म्हणणाऱ्यांना सांगते, त्यांनाही आतून बहुधा प्लास्टिकचा अस्तर असतो. आमच्या इमारतीत आम्ही वर्गणी काढून स्टीलच्या ताटल्या, पेले आणि चमचे घेतले. घेणं सोपं होतं. धुणार कोण, यावर बैठका झाल्या. अखेर ठरलं की जो नेईल तो धुऊन, पुसून, मोजून परत करेल, किंवा धुणाऱ्या बाईंना ठरलेले पैसे देईल. हे पैसे आधीच अनामत म्हणून घेतले जातात, वहीत सही होते. धुण्याचं उत्तर न ठरवता भांडी घेतली असती तर ती गच्चीवर गंजत पडली असती आणि लोक पुन्हा थर्माकोलकडे वळले असते. अशी सामाईक भांडी घ्यायची असतील तर आधी वही करा, मग खरेदी.

ताटल्या आणि पेले बरोबर मोजून परत येतात. चमचे मात्र दरवेळी दोन-तीन कमी भरतात, म्हणून आता अनामत रकमेत चमच्यांचा वेगळा रकाना आहे.