माळवदाच्या घरात फायबर, नोंद तिसरी: चौक ओलांडला

पुढच्या घरात आलेलं फायबरचं इंटरनेट मागच्या माझ्या खोलीत न्यायचंय. आधी घराची मांडणी सांगतो, त्याशिवाय हा खटाटोप कळायचा नाही. अंबाजोगाईतलं जुनं घर. पुढं ढेलज आणि बैठक, मधे उघडा चौक, चौकापलीकडं माझी खोली. भिंती दगडमातीच्या, अडीच फुटी, वर माळवद. उन्हाळ्यात घर गार राहतं, पण ५ गिगाहर्ट्झचं वायफाय पहिल्याच भिंतीत गारद होतं. २.४ वर टेबलापाशी ३-४ एमबीपीएस मिळायचं, तेही बैठकीत कुणी क्रिकेट बघत नसेल तर.

पहिल्या नोंदीतला रिपीटर (वायफाय पकडून पुढं टाकणारा) अडगळीत गेला. दुसऱ्या नोंदीतली चौकावरून टाकलेली कॅट-६ (तांब्याची लॅन केबल) मात्र झकास चालली होती. मग वैशाखात अवकाळीचं आभाळ आलं, जवळच कुठंतरी वीज कडाडली आणि राउटरचा एक लॅन पोर्ट कायमचा मुका झाला. वीज केबलवर पडावीच लागते असं नाही. जवळ पडली तरी लांब तांब्याच्या तारेत क्षणभर विजेचा दाब उसळतो. म्हणून यंदा ठरवलं, चौकातून तांबं न्यायचं नाही, काच न्यायची, म्हणजे प्रकाश वाहणारा फायबरचा धागा.

बरेच जण विचारतात, येणाऱ्या फायबरलाच स्प्लिटर (प्रकाश वाटून देणारा) लावून मागं दुसरा ओएनटी (फायबरचा प्रकाश घेऊन लॅन देणारा कंपनीचा डबा) का नाही बसवत? १:२ स्प्लिटरनं साधारण साडेतीन डीबी, म्हणजे निम्म्याहून जास्त, प्रकाश कमी होतो, ते एक वेळ चालेल. पण जीपॉनमध्ये (एकच फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत) प्रत्येक ओएनटीची कंपनीच्या ओएलटीवर, म्हणजे तिकडच्या मुख्य यंत्रावर, नोंद लागते. नोंद नसलेला ओएनटी लाल-हिरवे दिवे दाखवत नुसता बसून राहतो. शिवाय ती लाइन कंपनीची, तिला हात लावायचा नाही.

मग मीडिया कन्व्हर्टरची जोडी घेतली, म्हणजे लॅनचा प्रकाश आणि प्रकाशाचं लॅन करणाऱ्या दोन डब्या. ओएनटीच्या लॅन पोर्टमधून एका कन्व्हर्टरमध्ये, तिथून एकाच धाग्यावरून मागच्या कन्व्हर्टरमध्ये, तिथून पुन्हा लॅन. एक डबी 'ए', दुसरी 'बी' हवी: ए १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर बोलते आणि १५५० वर ऐकते, बी उलट. दोन्ही ए आणल्या तर दोघी एकाच रंगात बोलणार, ऐकणार कुणीच नाही.

सुतळी टाकून मोजलं तर ३८ मीटर भरलं. दोन्ही टोकांना एससी (चौकोनी तोंडाचे) कनेक्टर लावलेली ५० मीटर फायबर केबल मागवली, जी.६५७.ए२ जातीची. ती साडेसात मिलिमीटर त्रिज्येच्या वळणापर्यंत तग धरते. आधाराची तार पोलादी नको, एफआरपीची (काचतंतूच्या प्लास्टिकची) हवी, हे मुद्दाम पाहून घेतलं. नाहीतर काचेशेजारून धातू नेण्यात काय अर्थ?

ड्रिल काढलं तशी आजी ओसरीवरून ओरडली, "आरं बाबा, भिताडाला भोकं पाडू नको! माळवद गळाया लागलं तर कोण निस्तरणार?" बरोबरच होतं. चौकटीवर जुन्या लाइटच्या फिटिंगचं भोक होतं, तिथूनच कनेक्टर टेप गुंडाळून, सुतळीला बांधून ओढला. बाहेर केबलला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी तिथंच ठिबकेल, आत येणार नाही.

आता फजिती. सगळं जोडलं तर मागच्या डबीचा फायबरचा दिवा कधी लागे, कधी विझे. दोन तास केबलच्या वळणांवर संशय घेत बसलो. मग कनेक्टर नीट पाहिले. केबलची टोकं हिरवी, म्हणजे एपीसी. काचेचं तोंड ८ अंश तिरकं घासलेलं. ओएनटीला हिरवा पाहिला होता म्हणून मी डोळे झाकून हिरवाच मागवला. कन्व्हर्टरचं तोंड मात्र निळं, यूपीसी, सरळ घासलेलं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मधे तिरकी फट राहते आणि प्रकाश वाया जातो. घासून टोकंही खराब होऊ शकतात. केबल नाही फेकली. दोन्ही बाजूंना हिरवा कपलर (दोन कनेक्टर जोडणारा) आणि एका टोकाला हिरवा, दुसऱ्याला निळा असा छोटा पॅचकॉर्ड (जोडकेबल) लावला. दिवा लागला तो लागलाच. (केबलच्या टोकात डोकावून बघू नका. तो प्रकाश दिसत नाही, पण डोळ्यात जातोच.)

मागं जुना राउटर: डीएचसीपी (पत्ते वाटायचं काम) बंद, पत्ता १९२.१६८.१.२, तार वॅनमध्ये (बाहेरचं इंटरनेट घेणारा पोर्ट) नाही तर लॅन पोर्टमध्ये. वायफायचं नाव-पासवर्ड पुढच्यासारखंच, चॅनल पुढं १ आणि मागं ११. टेबलावर तारेनं ९४ एमबीपीएस. प्लॅन शंभरचा, डब्याही १०/१०० च्या. प्रत्येक पॅकेटाच्या आवरणात थोडं जातंच, त्यामुळं शंभरच्या पोर्टावर यापेक्षा जास्त मिळतही नाही.

राहिलं ते विजेचं. लाइट गेली की पुढचा ओएनटी इन्व्हर्टरवर चालतो, पण मागची डबी ५ व्होल्टची आणि राउटर १२ चा, दोन्ही मरतात. दोन्ही आउटपुट असलेला मिनी यूपीएस शोधतोय. कुणी वापरला असेल तर किती वेळ टिकतो ते सांगा. उंदरांचंही बघायचंय, चौकातल्या केबलला अजून पीव्हीसी पाइप घातलेला नाही. उरलेल्या १२ मीटरचं वेटोळं देवळीत ठेवलंय, त्यावर आजीनं पंचांग टेकवलंय.